खाली म्हणजे कुठं

“तेजश्री, पोर काय सांगतीय ते आधी ऐक. चूक नंतर काढ.”

कणसेबाई हे म्हणाल्या तेव्हा मी जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर होते. खांद्याला पर्स, हातात डबा, लॅबला आधीच दहा मिनिटं उशीर. वर दारात बाई उभ्या, आणि त्यांचा पदर धरून माझी सहा वर्षांची शर्वाणी. मी मान न वळवताच “हो बाई” म्हटलं आणि उतरत राहिले.

“नुसतं हो नको म्हणूस. आणि आज माझी संकष्टी आहे. फोन आला तर उचल.”

“उचलते हो बाई!”

फोन मी उचलला. तेवढं मात्र केलं.

कराडच्या त्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, बाई समोरच्या घरात. हेमलता कणसे. तीस वर्षं पाटण तालुक्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्याच. अख्खं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. शर्वाणी बाईआजी म्हणायची. माझा नवरा संदेश पवनचक्क्यांच्या कामावर, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मी बी. एस्सी. झालेली, स्टँडजवळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट तयार करायचे. सकाळी मी निघाल्यापासून शाळेची रिक्षा येईपर्यंत, आणि शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत शर्वाणी बाईंकडे असायची. बाईंना त्याबद्दल पैशाचं विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “मला वर्ग लागतो गं. एका मुलीचा असला तरी चालतो.”

मी काळजी करणाऱ्यांपैकी आहे. गॅस बंद केला का ते दोनदा बघते, मग कुलूप उघडून तिसऱ्यांदा. दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे दिवसभर बघून घरी आले की पोरीची नखं पांढरी दिसायला लागायची. पण त्या आठवड्यात माझी सगळी काळजी एकाच गोष्टीवर गोळा झाली होती. शर्वाणीच्या डायरीत टीचरनं लाल शाईत लिहिलं होतं की ती ऑन आणि अंडरमध्ये गोंधळते. शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. घरी फक्त इंग्रजीत बोला.

घरी फक्त इंग्रजीत बोला! मी स्वतः दहावीपर्यंत मराठी शाळेत. कॉलेजात इंग्रजी वाचलं भरपूर, बोलले कधी? तरीही मी नियम केला: रोज सव्वाचारला शर्वाणीनं बाईंच्या मोबाइलवरून मला फोन करायचा, आणि फोनवर एकही मराठी शब्द काढायचा नाही.

“हे काय खूळ?” बाई म्हणाल्या होत्या.

“बाई, तुम्हीच सांगा, तुमच्या विषयात पोरगी नापास झाली तर?”

“पहिलीतलं लेकरू नापास होत नसतं. शिकवणारा होतो.”

त्यांची शिकवायची तऱ्हा मात्र वेगळी होती. एक काड्यापेटी आणि एक चिंचोका. रविवारी सकाळी त्यांच्या पलंगावर बसून शर्वाणीचा तास चालला होता आणि मी दारात उभी राहून ऐकत होते.

“चिंचोका कुठाय?”

“डबीत.”

“आता?”

“डबीवर.”

“आणि आता?”

“डबीखाली. अंडर!” शर्वाणी ओरडली.

“शाब्बास. बघ, मराठीत हे शब्द शेपटीसारखे मागून येतात. डबी-वर, डबी-खाली. इंग्रजीत शेपूट पुढं असतं. आधी शेपूट, मग डबी.”

शर्वाणी खो खो हसली. मला मात्र हसू येईना. “बाई, पंखा छतावर म्हणायचा की छताखाली?”

“मराठीत काय म्हणतेस?”

“छताला.”

“मग ते ‘ला’ इंग्रजीत शोधायचं. कधी ऑन सापडतं, कधी टू, कधी अॅट, कधी काहीच नाही. तिला राग आला तर माझ्यावर येतो ना? इंग्रजीत तो ‘विथ’ येतो, माझ्यासोबत. आणि प्रेमाला काहीच लागत नाही. नुसतं लव्ह, आणि पुढं माणूस.”

“मग हे लक्षात ठेवायचं कसं?”

“ठेवायचं नसतं. वस्तू बघायची, मग बोलायचं. तू वस्तू न बघताच बोलतेस, म्हणून घोटाळा होतो.”

त्यावर त्या उठायला गेल्या आणि पलंगाचा कठडा धरून जरा थांबल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, “काही नाही. साखरेची गोळी घेतली आणि खायला उशीर झाला की अशी घेरी येते. शुगर खाली जाते. साखरेचा खडा तोंडात टाकला की झालं.” आणि खडा तोंडात टाकून त्या पुन्हा शर्वाणीकडे वळल्या. “बोल, आता चिंचोका कुठाय?”

“बाईआजीच्या मुठीत!”

हे सगळं मला माहीत होतं. गोळी माहीत होती, घेरी माहीत होती, बुधवारी संकष्टी आहे हे त्यांनी जिन्यावरून सांगितलं होतं. म्हणून म्हणते, माहीत असणं वेगळं.

बुधवारी सव्वाचारला फोन वाजला. लॅबमध्ये तेव्हा भर गर्दी. पाचपर्यंत दवाखान्यांना रिपोर्ट पोचवायचे असतात. मी फोन खांद्यात धरला आणि टाइप करत राहिले.

“मम्मी, बाईआजी—”

“इंग्लिश, शर्वू.”

तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, शब्द शोधतीय. शोधू दे.

“बाईआजी इज अंडर.”

“अंडर व्हॉट? पूर्ण वाक्य.”

“बाईआजी इज अंडर द बेड.”

मला हसूच फुटलं. शेजारच्या टेबलावरच्या परवीननं मान वर केली. “काय म्हणतीय?”

“म्हणतीय, बाई पलंगाखाली आहेत.”

परवीनही हसली. “लपाछपी खेळत असतील.”

“कसली लपाछपी. ऑन म्हणायचंय, अंडर म्हणतीय. टीचरनं लिहिलंय ना.” मी फोनमध्ये म्हटलं, “नो, शर्वू. कॅट अंडर द बेड. बाईआजी ऑन द बेड. से इट.”

“नो मम्मी. अंडर.”

“शर्वू! रविवारी येत होतं ना? ऑन म्हणजे वर. अंडर म्हणजे खाली. माणसं कुठं झोपतात? पलंगावर. मग?”

माझी बोटं टाइप करतच होती.

“से इट.”

“बाईआजी इज,” ती थांबली, “ऑन द बेड.”

“व्हेरी गुड!”

हे दोन शब्द मी मोठ्यांदा म्हणाले. परवीननं टाळी वाजवल्यासारखं केलं. मग शर्वाणी अगदी हळू, चोरून बोलल्यासारखं मराठीत म्हणाली, “पण त्या खाली आहेत.”

“खाली गेल्या? दूध आणायला? बरं बरं. येतील. दार उघडू नको हं कुणाला. पुस्तक बघत बस.”

मी फोन ठेवला.

पुढच्या अर्ध्या तासात मी अठ्ठावीस रिपोर्ट काढले. प्रत्येक आकडा दोनदा तपासला. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन. एका आजोबांची साखर बेचाळीस आली होती, ती तिसऱ्यांदा बघितली आणि परवीनला म्हटलं, यांच्या डॉक्टरांना आत्ता फोन कर, रिपोर्ट पोचायची वाट बघू नको. हेही मीच केलं, त्याच हातांनी.

पण मनात काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं. पोरगी आधी म्हणाली पलंगाखाली. मग म्हणाली पलंगावर. मग म्हणाली खाली. एकच बाई तीन ठिकाणी कशी असेल? मी स्वतःला समजावलं, पलंगावर पडल्या असतील, मग उठून खाली गेल्या असतील, आणि अंडर ही नेहमीची चूक. सरळ आहे. पण मग बाई दूध आणायला जाताना शर्वाणीला बरोबर नेतात. नेहमी नेतात. एकटीला ठेवून त्या कधी कचऱ्याच्या डब्यापर्यंतसुद्धा गेल्या नव्हत्या. आणि संकष्टीला दुपारी दूध? त्यासाठी तर त्या सहानंतर जातात.

पाचला दहा कमी असताना मी नलवडेमामांना फोन लावला. मामांची आमच्या जिन्याच्या तोंडाशीच इस्त्रीची टपरी होती. जाणारं-येणारं माणूस त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

“मामा, बाई खाली आहेत का?”

“खाली? न्हाई बा.”

“आत्ता गेल्या का वर?”

“वर कुटनं जातील? खाली आल्याच न्हाईत की आज. सकाळधरनं जिना उतरल्याल्या न्हाईत.”

“नक्की?”

“आता ताई, मी दोन डोळं घेऊन हितंच हाय.”

मी फोन कानाला धरून नुसती उभी राहिले. खाली नाहीत. म्हणजे वर आहेत. पण पोरगी म्हणाली, खाली आहेत. मी किती वेळ तशी उभी होते, माहीत नाही. परवीन म्हणते दोन सेकंद. मला आठवतं ते एवढंच, की ‘खाली’ हा शब्द डोक्यात चिंचोक्यासारखा गडगडत होता आणि थांबत नव्हता. जिन्याखाली. रस्त्यावर खाली. शुगर खाली. पलंगाखाली.

“मामा, वर जा. पळत जा. बाईंचं दार वाजवा.”

आणि दुसऱ्या हातात परवीनचा फोन घेऊन मी बाईंचा नंबर लावला. शर्वाणीनं पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे फोन तिच्या हातातच होता, मघापासून.

“हॅलो? धिस इज शर्वाणी स्पीकिंग.”

“शर्वू, मम्मी आहे. मराठीत सांग. बाईआजी कुठायत?”

“बाईआजी इज…” तिनं सुरुवात केली.

“मराठीत बोल, सोन्या. आज चालतं.”

“पलंगाखाली,” ती म्हणाली. “अर्ध्या. पाय बाहेर आहेत. चिंचोका आत गेला होता ना, तो काढायला वाकल्या, आणि धप्प झालं. मी म्हटलं तुला, तू रागावलीस.”

“बोलतायत का?”

“मघाशी बोलत होत्या. आता झोपल्यात. मी डोक्याखाली उशी दिली. घाम पण पुसला.”

दुसऱ्या फोनमधून दारावरच्या थापा ऐकू यायला लागल्या. त्याच थापा शर्वाणीच्या फोनमधूनही. “ताई, कडी आतनं हाय!” मामा ओरडत होते. “वरची!”

वरची कडी बाई माझ्याच सांगण्यावरून लावायच्या. शर्वाणी एकदा जिन्यावर पळाली होती म्हणून. तिचा हात पोचू नये म्हणूनच ती कडी होती.

“शर्वू, ऐक. स्वयंपाकघरात स्टूल आहे ना, निळं? ते आण.”

ओढण्याचा आवाज. फार वेळ ओढण्याचा आवाज.

“आणलं.”

“दाराजवळ ठेव.”

“जवळ म्हणजे कुठं? दारासमोर की दारामागं?”

मी त्या दारातून चार वर्षं रोज आत-बाहेर केलं होतं. दार आत उघडतं की बाहेर? समोर स्टूल ठेवलं आणि मामांनी ढकललं तर पोरगी उडून पडेल. मी डोळे मिटले आणि बाईंचं दार बघितलं. नीट बघितलं. पायपुसणं, चपलांचा खण, भिंतीवरचं कॅलेंडर.

“चपलांचा खण आहे ना? त्याच्या आणि दाराच्या मध्ये ठेव. भिंतीला चिकटून. मामा, कुणी दार ढकलू नका! शर्वू, आता स्टूलवर चढ. भिंतीला धर, दाराला नको. कडी कुठाय?”

“माझ्या डोक्यावर.”

“डोक्याच्या किती वर?”

“हात पोचतोय.”

“डावीकडे ओढ. कॅलेंडर आहे त्या बाजूला.”

कडी वाजली. आधी एका फोनमधून, मग दुसऱ्यातून.

“आता उतर. आणि बाजूला हो, खणाकडे. झालीस? मामा, या आत!”

त्यानंतरचं मला मामांनी सांगितलेलं ठाऊक आहे. मी तेव्हा रिक्षात होते. मामांनी पलंग उचलून बाजूला केला, शेजारच्यांची गाडी काढून बाईंना दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सलाईनमधून साखर चालू होती आणि बाईंच्या पापण्या हलत होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पडून किती वेळ झाला होता?”

मी घड्याळ बघितलं, जसं काही त्यावर लिहिलेलं होतं. “पाऊण तास. थोडा जास्तच.”

“अजून अर्धा तास गेला असता तर मेंदूचं काय झालं असतं, सांगता आलं नसतं. कळलं कुणाला?”

“माझ्या मुलीला.”

“मग तिनं लगेच कुणाला सांगितलं नाही का?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

शुक्रवारी शर्वाणीची तोंडी परीक्षा झाली. मी नको म्हणत होते, तीच गेली. टीचरनं एक बाहुली खुर्चीखाली ठेवली आणि विचारलं, व्हेअर इज द डॉल? शर्वाणी खुर्चीखाली बघत राहिली. टीचरनं पुन्हा विचारलं. तशी ती उठली, खाली वाकली, बाहुलीला बाहेर ओढलं, खुर्चीवर नीट टेकवून बसवलं, आणि म्हणाली, “नाऊ ऑन.” पाचपैकी दोन गुण. हे टीचरनंच मला गेटवर सांगितलं, आणि सांगताना त्याही जरा गोंधळल्यासारख्या दिसत होत्या.

शनिवारी मी बाईंना ते सांगितलं. ऑपरेशन झालं होतं. त्या हसल्या आणि हसल्यावर खुबा दुखला म्हणून स्वतःवरच चिडल्या.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं. “ते राहू दे. मला एक सांग. फोनवर पोरगी काय म्हणाली होती? नक्की शब्द सांग.”

“बाई, नको ना.”

“शब्द सांग, तेजश्री.”

“बाईआजी इज अंडर द बेड.”

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलवून ते वाक्य स्वतःशी म्हटलं, वही तपासताना म्हणायच्या तसं.

“यात चूक कुठं आहे?”

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

“कर्ता बरोबर. क्रियापद बरोबर. शेपूट पुढं, डबी मागं. आणि वस्तू बघून बोललेली.” त्या थांबल्या. “तू काय म्हणायला लावलंस मग?”

“ऑन.”

“आणि म्हणाली?”

“म्हणाली.”

“मग काय म्हणालीस?”

“व्हेरी गुड.”

बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. रागानं नव्हे. विद्यार्थ्याच्या उत्तरात काही तरी सापडावं म्हणून बघतात तसं. मग म्हणाल्या, “तिला पूर्ण गुण दे. माझ्या नावानं दे.”

या गोष्टीला सात वर्षं झाली. शर्वाणी आता आठवीत आहे. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी पुढं गेलंय. पण कुठं आहेस असं फोनवर विचारलं की अजून क्षणभर थांबते, आणि मग मराठीत सांगते. मीही थांबते. काय ऐकायचं राहिलं, ते शोधत.

संदेशची बदली धुळ्याकडे झाली, आम्ही इथं आलो. बाई कराडलाच आहेत, त्याच दुसऱ्या मजल्यावर, काठी घेऊन. यायला तयार नाहीत. मामांनी टपरी बंद केली, ते गावी गेले. समोरच्या आमच्या घराला कुलूप असतं. मी रोज सव्वाचारला फोन करते. बाई उचलतात, “मी उत्तम,” म्हणतात. उत्तम तर त्या पलंगाखालूनही म्हणतील. कधी भांडी घासायला येणारी शेवंता उचलते.

परवा तिनंच उचलला. म्हणाली, “बाई खाली हायत.”

“खाली म्हणजे कुठं?”

“अवो, खाली म्हंजे खाली!” ती हसली आणि फोन ठेवला.

काल पुन्हा बाईंनीच उचलला. मी उत्तम, म्हणाल्या. आवाज लांबून आल्यासारखा वाटला. मला नेहमीच तसा वाटतो, म्हणून मी माझ्यावर विश्वास ठेवत नाही. इथून तिथं पोचायला दहा तास लागतात, आणि रविवारच्या आधी निघता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी कराडात असाल, तर तेवढं करा. स्टँडमागच्या गल्लीत कुणालाही विचारा, कणसेबाई कुठं राहतात. दुसरा मजला, डाव्या हाताचं दार. बेल वाजवा आणि जरा जास्त वेळ थांबा, काठी घेऊन यायला वेळ लागतो. आणि बाई कुठायत विचारल्यावर कुणी ‘खाली’ म्हणालं, तर जिना उतरू नका. कशाच्या खाली, ते आधी विचारा.